सातवं पाणी

अंबारावा, जावा, ९ फेब्रुवारी २००३

म्बाक दार्मी,

गोळ्या पोचल्या. डबा उघडल्यावर आधी चिठ्ठी शोधली. कापूस झटकला, आतला कागद उलटा करून उजेडात धरला. काही नाही. तुझं अक्षर फक्त पत्त्यावर, तेही अशा जोरात रेटून लिहिलेलं की खालच्या पुठ्ठ्यावर उमटलंय.

म्हणजे माझ्या म्बाकचा, थोरल्या बहिणीचा राग गेलेला नाही, पण धाकटी मरू नये एवढी माया शिल्लक आहे. चालेल. तेवढ्यावर मी भागवीन, पण लिहिणं सोडणार नाही. फोन नंबर तू बदललास, पण तायवानच्या तायचुंगमधल्या ज्या म्हातारीची तू सेवा करतेस तिचं घर काही तुला बदलता यायचं नाही.

गेल्या ईदला आमच्या अंगणात उभी राहून तू जे बोललीस ते मला पाठ आहे. “मीठ-पाणी पाजून पाजून मी तुला वाढवलं ते बाळंतपणात घालवायला नाही. मूल हवं असेल तर मला बहीण म्हणू नकोस.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उचलून निघालीस. सासूबाईंनी वाटेत खायला बांधून दिलेली खारी अंडी तशीच ओट्यावर राहिली. त्यांना अजून त्याचं वाईट वाटतं. सात गावांत त्यांच्या बदकांच्या अंड्यांना नाव आहे आणि सुनेच्या बहिणीने ती सोडून जावी, म्हणजे काय.

तुला माझ्या आजाराचं मी काय सांगायचं. मूत्रपिंडांवर बसलेल्या त्या दोन ग्रंथींना तू ‘आळशी बहिणी’ म्हणायचीस. एक काम करत नाही आणि दुसरी तिला बघून हसत बसते, म्हणून आपल्या वुर्यंतीला गोळी घ्यावी लागते आणि तिच्या अंगात मीठ ठरत नाही. शाळेत असताना तुझ्या ओढणीच्या टोकाला मिठाची गाठ असायची. मी पांढरी पडले की तू ती सोडून माझ्या जिभेवर चिमूट ठेवायचीस. पोरी हसायच्या, तू त्यांना मारायला धावायचीस.

तर ऐक. सेमारांगच्या मोठ्या दवाखान्यात आता डॉक्टर हर्तिनी म्हणून आहेत. आधीच्या डॉक्टरांसारखं त्यांनी मान हलवून फाइल मिटली नाही. त्या म्हणाल्या, गोळ्यांचं प्रमाण आणि वेळ नीट बसवली तर माझ्यासारख्या बायकांना दिवस जातात. ताप, उलट्या आणि बाळंतपण, या तीन वेळी गोळी वाढवायला चुकायचं नाही. मी विचारलं, जिवाला धोका? त्या म्हणाल्या, “धोका आहे. पण तो सांभाळता येणारा आहे. तू सांभाळशील का ते मला सांग.”

मी हो म्हटलं. तुला न विचारता म्हटलं, म्हणून हे पत्र.

तुझी,
वुर्यंती


अंबारावा, २७ एप्रिल २००३

म्बाक,

अक्षर वाकडं आलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस. मध्यंतरी थोडा ताप येऊन गेला. दवाखान्यात ठेवलं होतं, सलाईन लावलं, आता घरी आहे. डॉक्टरांनी गोळ्या दुप्पट करायला लावल्या होत्या, त्यामुळे डबा लवकर रिकामा होईल असं वाटतं. जमलं तर पाहा. नाही जमलं तरी काही नाही, इथे शोधते. इथल्या औषधांच्या दुकानात त्या गोळीचं नाव घेतलं की माणूस असा बघतो, जणू मी त्याच्याकडे चंद्र मागितला.

बाकी सगळे ठीक. तळ्यावर जलपर्णी इतकी माजलीय की वास्कितोच्या होडीला वाट मिळत नाही. तरी माझा नवरा खूश आहे, कारण टोपल्या विणणाऱ्यांना तिची तेवढीच जास्त दांडी विकता येते. अंगणभर वाळत घातलीय. बदकं त्यावर बसतात आणि सासूबाई काठी घेऊन मागे.

सासूबाई सध्या माझ्याशी फार बोलत नाहीत. राग नाही. जेवायला वाढतात, माझं ताट संपेपर्यंत समोर बसून राहतात आणि मग उठून जातात. त्यांचं वय झालंय.

वुर्यंती


अंबारावा, १५ जून २००३

म्बाक दार्मी,

डबा आला. दुप्पट गोळ्या. चिठ्ठी नाही. ते बघून मला जेवण गेलं नाही.

म्हणजे तू वाचतेस. माझं प्रत्येक पत्र वाचतेस. आणि ज्या तापासाठी तू तिथे कुठे कुठे फिरून एवढ्या गोळ्या मिळवल्यास, तो ताप मला आलाच नव्हता.

खरं काय झालं ते आता सांगते. आमच्या सासूबाई, बू पाइनेम, माझ्या ओटीत मूल पडावं म्हणून पांढरा उपास करायला बसल्या. तुला माहीतच आहे, आईसुद्धा आपल्या जन्मवारी करायची. नुसता पांढरा भात आणि पाणी. तेल नाही, मिरची नाही, मीठ नाही. मला त्यांनी सांगितलंसुद्धा नाही. त्यांच्या ताटात मिरचीचं सांबल दिसेना तेव्हा मला कळलं. जन्मभर अंडी खारवणारी बाई, हाताच्या भेगांत मीठ आणि राख कायमची मुरलेली, आणि माझ्यासाठी अळणी भात कोरडा गिळतेय. मी त्यांच्या शेजारी बसून खारं अंडं कसं खाणार होते, सांग.

म्हणून मीही तोच उपास धरला. गोळ्या घेत होते. मनात म्हटलं, गोळ्या चालू आहेत, मीठ थोडे दिवस नसलं तर काय होणार. तू असतीस तर मुस्काटात मारली असतीस.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. मला वाटलं, अरे वा, गेले की काय दिवस. सासूबाईंनाही तसंच वाटलं. त्या हसत होत्या, म्बाक. शेजारच्या बाईला बोलावून आणलं. दोघी माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या आणि उलटीबरोबर माझी गोळीही बाहेर पडत राहिली. तिसऱ्या दिवशी मी विहिरीपाशी पडले. वास्कितोने शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून नेलं. मला आठवतं ते एवढंच, की वर आभाळ जात होतं आणि मी तुला हाका मारत होते.

तुला मारलेल्या हाका ऐकूनच डॉक्टरांना कळलं म्हणे. म्हणजे मी बडबडत होते, “म्बाक, मीठ.” डॉक्टर हर्तिनींनी वास्कितोला विचारलं, हिला मीठ दिलं नाही का. त्या बिचाऱ्याला काय माहीत. लग्नाच्या वेळी मी घरात फक्त ‘हार्मोनचा त्रास आहे, गोळी घेते’ एवढंच सांगितलं होतं. मीठ, मरण, तान्हेपणी गेलेला आपला भाऊ, यातलं काही नाही. अशी सून कोण करून घेतं, असं वाटलं होतं.

डॉक्टरांनी सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं. मी शुद्धीवर आले तेव्हा त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, “मी देवाकडे नातू मागत होते गं, आणि त्याच्या बदल्यात तुलाच देऊन बसले असते. मला का नाही सांगितलंस?”

तू रागावलीस तरी बरोबर आहे. फक्त गोळ्या पाठवणं थांबवू नकोस. हे मी लाज सोडून लिहितेय.

तुझी,
वुर्यंती


अंबारावा, २४ ऑगस्ट २००३

म्बाक,

डब्यात या वेळी गोळ्यांबरोबर मिठाची पुडी होती. तायचुंगहून जावाला मीठ. पोस्टातल्या माणसाने वास घेऊन पाहिलं आणि विचारलं, तिकडे काय समुद्र जास्त खारा आहे? मी तिथेच काउंटरवर रडायला लागले. त्याला वाटलं त्याचं काहीतरी चुकलं. बिचाऱ्याने मला खुर्ची दिली.

पुडी मी वापरणार नाही. आता मीही तुझ्यासारखी ओढणी घेते, तिच्या टोकाला बांधलीय.

आता बस. तू उभी असशील तर बस.

मला दिवस गेलेत. खरंच गेलेत. डॉक्टर हर्तिनींनी पडद्यावर दाखवलं. तांदळाएवढं काहीतरी लुकलुकत होतं. वास्कितो पडद्याच्या इतका जवळ गेला की नर्सने त्याला कॉलर धरून मागे ओढलं.

मी किती खूश आहे ते तुला लिहिताना हात आखडतो, कारण मला दिसतंय, तू हे वाचून हसणार नाहीस, तू आधी हिशेब मांडशील: उलट्या होतील, गोळी पडेल, पुढे काय. तर ते आधी सांगते. उलटी झाली की पाव तासाने गोळी पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदा पडली तर सरळ इंजेक्शन. ते गावातल्या नर्सबाईंकडे ठेवलंय आणि वास्कितोही द्यायला शिकला, केळीच्या खुंटावर टोचून टोचून. आमच्या परसातल्या सगळ्या केळींना आता इंजेक्शन दिलेलं आहे.

बाळाला हा आजार होईल का, हे मी विचारलं. बापाकडूनही तसंच रक्त आलं तरच होतो, आणि तसा योग क्वचित, असं त्या म्हणाल्या. वास्कितोचं रक्त तपासायची सोय इथे नाही. जन्मल्यावर बाळाचं रक्त बघायचं. तोवर वाट पाहायची.

आपला भाऊ किती दिवस जगला होता गं? आईने कधी सांगितलं नाही. तुलाच माहीत असेल. तू त्याला मांडीवर घेतलं होतंस ना? मला आता कळतं, माझ्या लग्नात तू का हसली नव्हतीस.

वुर्यंती


अंबारावा, १२ नोव्हेंबर २००३

म्बाक दार्मी,

रमझान चालू आहे. मला डॉक्टरांनी आणि गावच्या मौलवींनीही रोजे करू नकोस असं बजावलंय. पण गल्लीतल्या बायकांची तोंडं कोण बंद करणार. परवा एक जण कुंपणावरून म्हणाली, आम्ही तर पोटुशी असतानाही धरायचो. सासूबाई अंड्यांना राखेचा लेप देत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हो, म्हणूनच तुझा थोरला तसा निघाला.” तेव्हापासून कुंपणापाशी शांतता आहे.

सासूबाईंनी आता मिठाचा नुसता धुमाकूळ घातलाय. भातात मीठ, फणसाच्या भाजीत दोनदा मीठ, चहात मीठ. वास्कितो म्हणतो, मी मासा असतो तर या घरात सुखी झालो असतो. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की गरोदरपणात रक्तदाबही बघावा लागतो, मीठ लागेल तेवढंच. त्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन माझ्या उशीखाली खारं अंडं ठेवलं.

बाळ हलतं. पहिल्यांदा हललं तेव्हा मी तळ्याकाठी दांड्या उलट्या करत होते. मला वाटलं पोटात वारा आहे. मग पुन्हा हललं. मी कोणालाच सांगितलं नाही, पूर्ण दुपार. ती दुपार मला तुला द्यायची होती. तू इथे नव्हतीस.

मला भीती वाटते, म्बाक. दिवसा वाटत नाही, दिवसा घरात इतका गोंधळ असतो. पण पाठ टेकली की वाटतं, तू म्हणत होतीस तेच खरं झालं तर? बाळंतपणात शरीर जेवढं मागेल तेवढं त्या दोन आळशी बहिणी देणार नाहीत, सगळं बाहेरून द्यायचं, आणि देणारा एक क्षण विसरला तर? मला मरायचं नाही. मला मूलही हवं आहे आणि मलाही राहायचं आहे. तुला वाटलं मी जुगार खेळतेय. तसं नाही गं. तू ज्या जिवाला एवढं जपलंस, त्याचं मला काहीतरी करायचं होतं. नुसता जपून ठेवून काय करू?

वुर्यंती


अंबारावा, १८ जानेवारी २००४

म्बाक,

काल सातव्या महिन्याचं न्हाणं झालं. झालं म्हणजे, पुरतं झालं नाही. तेच सांगायचं आहे.

तुला बोलावणं मागच्या महिन्यातच धाडलं होतं. उत्तर नाही आलं, तसं मी धरूनच चालले होते. अंगणात मांडव, सात विहिरींचं पाणी, त्यात फुलं. मला मोगऱ्याच्या माळांत गुंडाळून बसवलं. पाणी घालायला सात लेकुरवाळ्या बायका लागतात. सासूबाईंनी सहाच बोलावल्या होत्या. न्हाणं घालणाऱ्या म्हातारीने मोजून पाहिलं आणि सातवी कोण म्हणून विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, सातवी तायवानला आहे.

म्हातारी म्हणाली, तायवानचं पाणी इथे कसं पोचेल, आणि ती तर बिनलग्नाची ना? तिला मूल ना बाळ. तिच्या हातचं पाणी चालत नाही.

म्बाक, मी ओली, कुडकुडत बसले होते, पण ते मी नीट ऐकलं. सासूबाई पुढे आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “ही समोर बसलीय तिला कोणी वाढवली? आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची. त्याच्याही आधीपासून चमच्याने मीठ-पाणी पाजत कोण बसायचं? लग्नं मोडली तिने हिच्यापायी. ती लेकुरवाळी नाही, तर या मांडवात कोणीच नाही.”

सहा जणींनी पाणी घातलं. मग सहा लुगडी अंगावर धरली, बायका दर वेळी ‘शोभत नाही, शोभत नाही’ ओरडल्या, आणि सातव्या साध्या पट्ट्यांच्या लुगड्याला ‘आता शोभतंय’ म्हणाल्या. वास्कितोने नारळ फोडला. आणि शेवटी जे तोटीचं मडकं डोक्यावर ओतून फोडायचं असतं, ते सासूबाईंनी उचलून आत नेलं आणि तांदळाच्या कणगीवर ठेवून दिलं. वर केळीचं पान झाकलं.

म्हातारी चिडली. न्हाणं अर्धं ठेवणं बरं नाही, बाळंतीण अडते, म्हणाली. गल्लीत तीच चर्चा आहे. वास्कितोसुद्धा घाबरला, मडकं फोडून टाकू म्हणाला. सासूबाई ऐकत नाहीत. देवाला एकदा घाईघाईने मागून बघितलं, आता मी थांबणार, म्हणतात.

मी तुला ये म्हणत नाही. तसा मला हक्क नाही. मडकं कणगीवर आहे, एवढंच कळवते.

मार्चच्या बावीस तारखेला ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरलंय. याच आजारापायी लहानपणी माझ्या खालच्या अंगाची जी शस्त्रक्रिया झाली होती, तिच्यामुळे तेच बरं, असं डॉक्टर म्हणाल्या.

तुझी,
वुर्यंती


अंबारावा, २१ मार्च २००४

वुर्यंती,

वास्कितो डबा घेऊन दवाखान्यात यायला निघालाय, त्याच्या हाती हे देते. शेवटची बस गेली. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसायला मी अजून वेडी झालेले नाही. उद्या पहिल्या बसने येते.

विमान उशिरा आलं. तुझं ऑपरेशन उद्या असेल असं धरून मी निघाले होते. बाळाने घाई केली. फाटकात शिरले तर तुझी सासू धावत आली आणि आधी एवढंच बोलली, “दोघी जिवंत आहेत.” मी तिथेच पायरीवर बसले. माझ्या हातात अजून बॅग होती.

इंजेक्शन वेळेवर दिलं, ताप नाही, उठून बसलीस, सगळं तिने सांगितलं. दोनदा सांगायला लावलं मी. पोरीच्या रक्तातलं मीठ बरोबर आहे असं डॉक्टरबाई म्हणाल्या म्हणे, पुन्हा एकदा तपासणार आहेत. म्हणजे हिच्या दोघी बहिणी कामसू निघाल्या. बरं झालं. आपल्या घराण्यात कोणीतरी निघायलाच हवं होतं.

तू विचारलं होतंस. तो अकरा दिवस जगला. मांडीवर मीच घेतलं होतं. आई झोपली होती. तो रडायचा थांबला तेव्हा मला वाटलं, झोपला. मी तशीच न हलता बसून राहिले, जागा होऊ नये म्हणून. मी नऊ वर्षांची होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पुढच्याच वर्षी तू झालीस.

मी पत्र लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की कागदावर ‘नको’ एवढंच उतरायचं. तुला ते ऐकायचं नव्हतं आणि मला दुसरं काही येत नव्हतं. म्हणून गोळ्या पाठवत राहिले.

जानेवारीचं पत्र मी आमच्या म्हातारीला वाचून दाखवलं. तिला हल्ली स्वतःचा मुलगा ओळखू येत नाही, पण मडकं तिच्या बरोबर लक्षात राहिलं. रोज सकाळी विचारायची, फुटलं का. शेवटी तिच्या सुनेनेच मला रजा दिली.

‘लेकुरवाळी’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. मला कोणी असं कधी म्हटलं नव्हतं. तुझ्या सासूला तसं सांगायला गेले तर ती म्हणाली, आधी जेव. खारी अंडी ठेवली पुढ्यात. या वेळी खाल्ली. चांगली आहेत. पण तुझ्या भाजीत ती जे मीठ घालते त्यावर मी तिच्याशी बोलणार आहे.

मडकं कणगीवरच आहे. पाणी मी नवं भरलं, जुन्याला वास आला होता. न्हाणं बाळंतपणानंतर घातलेलं चालतं का, म्हणून तुझी सासू त्या न्हाणंवाल्या म्हातारीला विचारायला गेली होती. म्हातारी म्हणाली, तुम्ही दोघी कोणाचं ऐकताय थोड्याच.

तेव्हा टाके सुकले की घरी ये. पोर वास्कितोच्या हातात देऊ, तुला अंगणात पाटावर बसवीन. पाणी गार असतं, तू लहानपणापासून ओरडतेस. मी कोमट करून घालीन.

दार्मी